रुडॉल्फ डिझेल : तेल-एंजिनाचा जनक

आपल्या चिमूर तालुक्यात डिझेल हा शब्द ज्याच्या कानांवरून गेला नाही असा मनुष्य विरळाच. नांगरणीस येणारा ट्रॅक्टर, धानाची मळणी करणारे यंत्र, नागपूर-चंद्रपूरकडे धावणारी एस. टी., वीज गेली म्हणजे लग्नमंडपामागे घरघरणारे जनरेटर, ही सर्व डिझेलवर चालतात, एवढे लहान मुलासही ठाऊक असते. नागभीडची छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. तीही अखेरच्या काळात डिझेल एंजिनानेच ओढली जात असे. परंतु डिझेल हे मूळचे तेलाचे नाव नव्हे, ते एका मनुष्याचे आडनाव होय, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. अपार कष्टाने कीर्तीच्या शिखरावर चढलेला, तेथून कर्जाच्या गर्तेत कोसळलेला आणि अखेर समुद्रात नाहीसा झालेला जो हा पुरुष, त्याचे चरित्र यंदाच्या अंकात आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. चरित्राच्या ओघात त्याच्या एंजिनाचा स्वभावही थोडासा सांगणार आहोत. कारण ज्या घरी एंजिन आहे, त्या घरी त्याच्या स्वभावाचे अज्ञान हातापायांवर आणि प्रसंगी जिवावरही बेतते.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. त्याचे आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. पोटाच्या मागे लागून ते फ्रान्सच्या राजधानीत येऊन राहिले होते. बाप थिओडोर हा आउग्सबुर्ग गावचा बुकबाइंडर असून चामड्याच्या सुबक वस्तू तयार करून विकीत असे. घरी संपत्ती नव्हती, तथापि मुलांस वळण व शिक्षण लावण्याची हौस दांडगी होती. पॅरिस येथे यंत्रांचे एक मोठे संग्रहालय आहे. तेथे कुन्यो नावाच्या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकात तयार केलेली वाफेची गाडी ठेवलेली आहे. सवड मिळाली की हा मुलगा त्या संग्रहालयात जाई व यंत्रांची चित्रे काढीत बसे. ज्या वयात इतर मुले लगोऱ्यांत रमतात, त्या वयात हे चाक कशाने फिरते, या प्रश्नाने त्यास भारून टाकिले होते.

१८७० साली फ्रान्स व जर्मनी यांजमध्ये युद्ध पेटले. पॅरिसमध्ये जन्मलेला असूनही रुडॉल्फ हा शत्रूचा मुलगा ठरला, आणि डिझेल कुटुंबास होते नव्हते ते मागे टाकून लंडनची वाट धरावी लागली. तेथे सर्वांचा निर्वाह होईना. तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फास आईने एकट्यास आउग्सबुर्ग येथे आपल्या आप्तांकडे धाडिले. युद्धाच्या धामधुमीत तो मुलगा मजल दरमजल करीत तेथे पोहोचला. ज्यांच्या घरी तो राहिला ते बार्निकेल नावाचे गृहस्थ तेथील औद्योगिक शाळेत गणित शिकवीत असत. या दांपत्याने परक्याच्या पोरास पोटच्या पोरासारखे वागविले. चौदाव्या वर्षी रुडॉल्फने आपण एंजिनिअर होणार असा निश्चय आईबापांस पत्राने कळविला. १८७३ साली तो शाळेच्या परीक्षेत पहिला आला. पुढे म्युनिक येथील पॉलिटेक्निक विद्यालयात शिकण्यासाठी त्यास गुणवत्तेवर शिष्यवृत्ती मिळाली. आईबापांची इच्छा, मुलाने आता कमवावे व घरास हातभार लावावा अशी होती. त्यांची अडचण खोटी नव्हती. आपल्या तालुक्यातील किती तरी घरी हाच प्रश्न दहावीनंतर उभा राहत असेल. परंतु शिष्यवृत्तीच्या बळावर रुडॉल्फने शिक्षणाची वाट सोडिली नाही.

म्युनिक येथे त्यास कार्ल लिंडे हे गुरू लाभले. यंत्राने थंडी उत्पन्न करून बर्फ तयार करण्याच्या विद्येत या प्राध्यापकांचे नाव अजरामर आहे. एके दिवशी व्याख्यानात लिंडे यांनी सांगितले की, वाफेच्या यंत्रात जेवढा कोळसा जळतो, त्यातील शंभरात सुमारे सहा ते दहा भाग उष्णताच कामी येते. उरलेली व्यर्थ जाते. इतर विद्यार्थ्यांनी हे वाक्य वहीत उतरविले आणि ते विसरले. रुडॉल्फच्या मनात मात्र ते काट्यासारखे सलत राहिले. एवढी नासाडी थांबवील असे यंत्र करता येणार नाही काय, हा ध्यास त्यास तेथून लागला, तो पुढे जवळजवळ वीस वर्षे सुटला नाही. १८७९ साली ऐन परीक्षेच्या वेळी त्यास विषमज्वराने गाठिले व परीक्षा हुकली. पुढील परीक्षेपर्यंतचा काळ त्याने हातावर हात ठेवून घालविला नाही. स्वित्झर्लंडमधील सुल्त्सर बंधूंच्या कारखान्यात जाऊन त्याने प्रत्यक्ष काम शिकून घेतले. जानेवारी १८८० मध्ये तो अत्युत्तम गुण मिळवून पदवीधर झाला.

त्यानंतर दहा वर्षे तो पॅरिस येथे लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्याचे काम पाहत होता. १८८३ साली मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला व त्यांस तीन अपत्ये झाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा त्याचा क्रम असे. वाफेच्या जागी अमोनिया वायूची वाफ वापरून यंत्र चालविण्याचा त्याने बरीच वर्षे प्रयत्न केला, पण तो सिद्धीस गेला नाही. १८९० साली तो सहकुटुंब बर्लिनला गेला, आणि तेथे त्याच्या विचारास खरी दिशा सापडली.

तो विचार समजावयास फारशा विद्येची गरज नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते, हे प्रत्येक मुलाने अनुभविले असेल. हवा दाबली की तापते. डिझेल याने विचार केला, की एखाद्या भक्कम नळकांड्यात दट्ट्याने हवा इतकी दाबावी, की ती आपोआप पाचशे अंशांहून अधिक तापेल. आणि त्या तप्त हवेत अगदी नेमक्या क्षणी थोडेसे तेल सोडावे. मग ते पेटविण्यास ठिणगी नको की बाहेरची ज्योत नको. तेल पेटेल, वायू फुगेल, दट्ट्या जोराने मागे ढकलला जाईल व चाक फिरेल. ही कल्पना त्याने २८ फेब्रुवारी १८९२ रोजी पेटंटासाठी दाखल केली व पुढच्या वर्षी ते पेटंट त्यास मिळाले. १८९३ सालीच त्याने आपल्या कल्पनेवर एक ग्रंथही प्रसिद्ध केला. त्यात त्याने हवेच्या साध्या दाबाच्या अडीचशे पट दाबाची गोष्ट लिहिली होती. त्या काळचे कारखानदार हे वाचून हसले. परंतु आउग्सबुर्ग येथील यंत्रशाळेचे संचालक हाइनरिख फॉन बुत्स यांनी, प्रथम नकार देऊन, दाब पुष्कळ खाली आणल्यावर ही जोखीम पत्करली. पुढे क्रुप हा पोलादाचा प्रचंड कारखानाही त्यात सामील झाला.

१० ऑगस्ट १८९३ हा दिवस यंत्रविद्येच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगा आहे. आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिले एंजिन उभे होते. कारखान्याच्या पट्ट्याने त्याचे चाक बाहेरून फिरविण्यात येत होते. नळकांड्याच्या आतील दाब कागदावर रेषेने उमटविणारे इंडिकेटर नावाचे लहानसे उपकरण त्यास जोडलेले होते. वैद्य जशी नाडी पाहतो, तशी एंजिनाची नाडी पाहणारे ते साधन होय. डिझेल याने नळकांड्यात पेट्रोल सोडिले मात्र, तोच ते एकदम पेटले, दाब ऐंशी पटींपर्यंत चढला, आणि भयंकर आवाजासरशी इंडिकेटर फुटून त्याचे तुकडे उडाले. डिझेल व त्याचे सोबती थोडक्यात बचावले. दुसरा कोणी असता तर त्याने हा उद्योग तेथेच सोडिला असता. डिझेल याने यातून दोन गोष्टी जाणल्या. एक अशी, की दाबलेल्या हवेने तेल पेटते, म्हणजे आपली मूळ कल्पना खरी आहे. दुसरी अशी, की तेल केव्हा, किती व कसे आत सोडावे, यावरच एंजिनाचे व माणसाचे कुशल अवलंबून आहे. त्याने ते एंजिन पुन्हा नव्याने जुळविले.

पुढचे सहा महिने कष्टांचे गेले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी पुन्हा पट्ट्याने एंजिन फिरविण्यात येत असता, लिंडर नावाच्या मिस्त्रीच्या ध्यानात आले, की आता पट्टा एंजिनास ओढीत नसून एंजिनच पट्ट्यास ओढीत आहे. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढून नमस्कार केला. एंजिन आपल्या बळावर चालले ते अवघे एक मिनिटभर. परंतु बालकाने टाकलेल्या पहिल्या पावलाचे मोल त्या मिनिटास होते. यानंतर आणखी तीन वर्षे तपासणी, मोडतोड व दुरुस्ती चालू राहिली. शेवटी फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनी सर्वांसमक्ष रीतसर परीक्षा घेतली. सुमारे वीस अश्वशक्तीच्या त्या एंजिनाने इंधनातील शंभरात सव्वीस भाग उष्णता कामी लाविली. गुरूच्या व्याख्यानातील तो सलणारा काटा एकोणीस-वीस वर्षांनी असा निघाला.

येथे क्षणभर थांबून तेल आत सोडण्याची क्रिया नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण डिझेल एंजिनाचे सर्व मर्म तीत आहे. दाबलेल्या हवेत तेल घालावयाचे, तर तेलास हवेहूनही अधिक दाब हवा, आणि ते धुक्यासारखे बारीक होऊन पसरले पाहिजे. डिझेल याने यासाठी दाबलेल्या हवेच्या झोताने तेल फुंकण्याची युक्ती काढिली. ती चालली, परंतु त्यासाठी हवा दाबणारे दुसरे मोठे यंत्र एंजिनाशेजारी ठेवावे लागे. त्यामुळे त्याची एंजिने कारखान्यांत व जहाजांवर शोभली, मोटारगाडीत मावेनात. केवळ पंपाच्या जोराने तेल आत मारण्याची सोय इतर एंजिनिअरांनी पुढे पूर्णत्वास नेली. जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून डिझेल एंजिन मालमोटारीवर, ट्रॅक्टरवर व पुढे खेड्यातील विहिरीवर जाऊन बसले.

तेल आत शिरते त्याच क्षणी पेटत नाही. त्याची वाफ व्हावयास व ती तापावयास अत्यल्प वेळ लागतो. हा वेळ लहान असला, तर तेल जसजसे येते तसतसे जळते व दट्ट्या सारखा ढकलला जातो. काही कारणाने हा वेळ वाढला, तर तोवर पुष्कळ तेल आत साचते आणि मग ते सर्वच एकदम भडकते. तो भडका हातोड्याच्या घावासारखा दट्ट्यावर बसतो. हीच ती खटखट, जिला आपल्याकडील मिस्त्री एंजिन ठोकते असे म्हणतात. एंजिन थंड असणे, तेल हलके किंवा भेसळीचे असणे, तेल वेळेपूर्वीच आत येणे, म्हणजे टायमिंग पुढे असणे, नॉझल धुके न करता थेंब थेंब गाळणे, आणि रिंगा झिजून हवेचा दाब उतरणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. आउग्सबुर्गच्या त्या स्फोटात आणि शेतातल्या एंजिनाच्या ठोक्यात नाते आहे. दोहोंत तेल एकाएकी पेटते, अंतर काय ते मानाचे.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १८९७ नंतर डिझेल याच्या दारी संपत्ती चालत आली. निरनिराळ्या देशांतील कारखानदारांनी त्याचे हक्क विकत घेतले. अमेरिकेचे हक्क आडोल्फस बुश या धनाढ्य गृहस्थाने घेतले. म्युनिक शहरी त्याने टोलेजंग वाडा बांधिला. पण सुखाबरोबरच दुःखाची पावले वाजू लागली. घाईने बाजारात गेलेली पहिली एंजिने वारंवार बंद पडत, गिऱ्हाइके तक्रार करीत, आणि शोधाचा मान आपला आहे असे म्हणणारे प्रतिस्पर्धी न्यायालयात खेचीत. अतिश्रमाने डिझेल याची प्रकृती ढासळली व त्यास काही काळ विश्रांतिगृहात राहावे लागले. या दिवसांत आउग्सबुर्ग येथील इमानुएल लाउस्टर यांसारख्या एंजिनिअरांनी चिकाटीने दोष काढून एंजिनास भरवशाचे केले. एकाची कल्पना आणि अनेकांची मेहनत, असाच कोणत्याही मोठ्या शोधाचा इतिहास असतो.

१९०० साली पॅरिस येथे जागतिक प्रदर्शन भरले, तेथे डिझेल एंजिनास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या शहरातून बारा वर्षांच्या मुलास परागंदा व्हावे लागले होते, त्याच शहराने त्याच्या बुद्धीचा हा गौरव केला. त्या प्रदर्शनात एक लहान डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. वसाहतींतील शेतकऱ्यास आपल्या शेतातील तेलावर एंजिन चालविता यावे, अशी फ्रेंच सरकारची इच्छा होती. डिझेल यासही हा विचार मनापासून आवडला. वनस्पतींच्या तेलास पुढे मोठे महत्त्व येईल, असे भाकीत त्याने १९१२ साली केले. आपल्या रानांत मोह व करंज यांच्या बिया विपुल आहेत. करंजाच्या तेलापासून एंजिनाचे इंधन करण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले आहेत, हे पाहता ते भाकीत पोकळ नव्हते असेच म्हणावे लागते. मात्र घरचे गोडे तेल तसेच टाकीत ओतण्याचा प्रयोग कोणी करू नये; ते दाट असल्याने नॉझल व पंप यांत चिकटून बसते.

डिझेल यास केवळ यंत्राचीच चिंता नव्हती. मजूर व कारखानदार यांचे हित एक व्हावे, मजुरांनी आपापल्या बचतीतून सहकारी कारखाने चालवावेत, अशा विचारांचा एक ग्रंथ त्याने १९०३ साली लिहिला. लहान कारागिरांच्या हाती स्वस्त शक्ती यावी, ही त्याची मूळ आकांक्षा होती. त्या ग्रंथाकडे जगाने लक्ष दिले नाही. एंजिनाकडे मात्र सर्वांचे डोळे लागले. १९१२ साली डेन्मार्कचे सेलांडिया हे मोठे जहाज कोळसा व धुराडे यांवाचून, डिझेल एंजिनांच्या बळावर महासागर ओलांडून थेट बँकॉकपर्यंत गेले.

बाहेर अशी कीर्ती गाजत असता घरी मात्र वासे फिरले होते. जमिनीच्या व इतर सौद्यांत डिझेल याने पैसा घातला होता तो बुडाला. यंत्राच्या हिशेबात केसाएवढी चूक न खपवून घेणारा हा मनुष्य पैशाच्या हिशेबात फसला, आणि आपली खरी स्थिती त्याने बायकोमुलांसही कळू दिली नाही. २९ सप्टेंबर १९१३ रोजी सायंकाळी तो अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीने इंग्लंडला निघाला. रात्री सोबत्यांबरोबर जेवण झाले. दहाच्या सुमारास, सकाळी सव्वासहास उठवावे असे सांगून तो आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी आढळली. बिछाना वापरलेला नव्हता. घड्याळ जागच्या जागी होते. टोपी व घडी केलेला कोट डेकच्या कठड्यापाशी सापडला. त्याच्या रोजनिशीत त्या तारखेवर क्रुसाचे लहानसे चिन्ह होते. काही दिवसांनी एका डच नावेस समुद्रात एक देह दिसला. खलाश्यांनी खिशांतील वस्तू काढून घेऊन तो देह समुद्रास परत दिला. त्या वस्तू पाहून धाकट्या मुलाने, ऑयगेनने, त्या वडिलांच्या असल्याचे सांगितले. हा अपघात होता, घात होता की दुःखाच्या भरात केलेली कृती होती, याचा निर्णय झालेला नाही. त्यावर तर्क लढविणे आम्हांस उचित वाटत नाही. एवढे मात्र वाटते, की संकटाचा भार मनुष्याने एकट्याने वाहू नये. ज्या घरी आपले बोलणे ऐकणारे कोणी आहे, त्या घरी ते वेळेवर बोलून टाकावे. हे आम्ही मुलांइतकेच त्यांच्या वडिलांसही सांगतो; कर्जाचे ओझे मनातल्या मनात वाहणारे बाप आपल्या प्रांतात थोडे नाहीत.

डिझेल गेला, पण त्याचे एंजिन आपल्या महाराष्ट्रात येऊन रुजले. सातारा रोड येथे सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल एंजिने तयार करण्यात पुढाकार घेतला. किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे करून यंत्र शेतकऱ्याच्या दारी नेले होतेच. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या नेतृत्वाखाली १९४६ साली पुणे येथील खडकीस किर्लोस्कर ऑइल एंजिन्स हा कारखाना उभा राहिला. विहिरीवरचे लहान तेल-एंजिन त्यामुळे सामान्य शेतकऱ्याच्या आटोक्यात आले. तेल मारण्याचे पंप व नॉझल तयार करणारा मायको कारखाना १९५१ साली बंगळुरास निघाला व पुढे नाशिक येथेही त्याची शाखा झाली. आज पुष्कळ विहिरींवर विजेचे व सौर पंप बसले आहेत. तरी ट्रॅक्टर, मालमोटारी व मळणीयंत्रे यांतून डिझेलचा आवाज आपल्या शिवारात अद्याप घुमत आहेच.

म्हणून त्या आवाजाविषयी दोन गोष्टी. एंजिन ठोकू लागले, तर प्रथम ठोका जळण्याचा की झिजलेल्या भागाचा, हे ओळखावे. एका नळकांड्याच्या एंजिनात जाणता मिस्त्री क्षणभर तेल बंद करतो. चाक अजून फिरत असता ठोका तत्काळ थांबला, तर दोष तेलाच्या क्रियेत, म्हणजे नॉझल, टायमिंग किंवा तेल यांत असण्याचा संभव अधिक. तेल बंद होऊनही खटखट चालूच राहिली, तर ती बहुधा लोखंडाची आहे. थंड असताना वाजणारा व तापल्यावर कमी होणारा आवाज बहुधा झिजलेल्या दट्ट्याचा असतो. हलकी टिकटिक टॅपेटची असते. ती फारशी भयावह नाही. परंतु खोल, जड धडधड, जी वजन पडताच वाढते, ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असू शकते. वंगणाचा दाब उतरला असेल तर शंकाच नको. एंजिन तत्काळ बंद करावे. अर्धा एकर राहिला, तेवढा उरकून घेऊ, असे म्हणणाऱ्याचा क्रँक मोडतो आणि हंगाम तर जातोच. ठोक्याबरोबर पांढरा किंवा काळा धूर येत असेल, तर नॉझल काढून तपासून घ्यावे. आणि मूळ दोष न शोधता टायमिंग मागेपुढे करून आवाज दाबून टाकणे म्हणजे ताप न पाहता कपाळावर ओले फडके ठेवणे होय.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. जुन्या लहान एंजिनाच्या नॉझलमधून तेल सुमारे दोनशे पट दाबाने बाहेर पडते. नव्या कॉमन रेल गाड्यांत तो दाब दोन हजार पटींच्या घरात असतो. एवढ्या जोराचा बारीक झोत कातडी भेदून मांसात शिरतो. म्हणून नळीतून तेल कोठे गळते हे बोटाने चाचपून कधीही पाहू नये. पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून पाहावे. नॉझलची फवारणी तपासताना समोर हात किंवा तोंड नेऊ नये व जवळ विडी पेटवू नये, कारण तेलाचे धुके भडकते. नव्या गाडीची दाबाची नळी एंजिन चालू असता किंवा नुकतेच बंद केले असता पान्याने सैल करणे हा आत्मघात होय. एखाद्यास असा झोत लागलाच, तर जखम सुईच्या टोचेएवढी दिसते आणि प्रथम दुखतही नाही. येथेच लोक फसतात. आत गेलेले तेल बोट किंवा हात नासवून टाकते. ती जखम पिळू नये, घरगुती लेप लावू नये. तडक मोठ्या रुग्णालयात जावे आणि डिझेलचा झोत लागला आहे, हे डॉक्टरांस पहिल्या शब्दात सांगावे. शस्त्रक्रियेस काही तासांचा उशीर झाला, तर बोट गमवावे लागते.

आणखी चार सूचना पालकांनी घरी सर्वांस पाठ करून द्याव्यात. विहिरीच्या आत उतरवलेले किंवा बंद खोलीतील एंजिन चालवू नये. त्याच्या धुराने श्वास कोंडतो, आणि एकास वाचवावयास उतरलेला दुसराही वर येत नाही. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलटा झटका बसल्यास मनगट वाचते. धोतर, पदर व ओढणी पट्ट्यापासून दूर ठेवावी. एंजिनाचा वेग अनावर वाढून ते तेल बंद करूनही थांबेना, तर हवा जाण्याचे तोंड जाड फळीने झाकावे, हाताने किंवा फडक्याने नव्हे; ते न साधल्यास चाकाच्या रोखातून दूर पळावे. यंत्र पुन्हा घेता येते.

रुडॉल्फ डिझेल याच्या चरित्रातून मुलांनी काय घ्यावे? बारा वर्षांचा निर्वासित मुलगा, दुसऱ्याच्या घरी राहून, शिष्यवृत्तीवर शिकला, आणि गुरूच्या एका वाक्याचा त्याने वीस वर्षे पाठपुरावा केला. स्फोट झाला तेव्हा तो पळाला नाही, आणि पुढच्या वेळी तसाच निष्काळजीही राहिला नाही. स्फोट का झाला, हे त्याने शोधिले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या आय.टी.आय.त जाईल, कोणी एस. टी.च्या आगारात पाना हाती घेईल, कोणी वडिलांचा ट्रॅक्टर चालवील. यंत्र बिघडले असता त्यावर चिडून हातोडा मारणे सोपे असते. आवाज ऐकून, कारण शोधून, मग पान्यास हात घालणे, ही सवय ज्यास लागेल, त्याच्या हातून यंत्रही सुरक्षित राहील व त्याचे हातही. परमेश्वराने दिलेले दहा बोटांचे हे धन कोणत्याही कारखान्यात मिळत नाही, एवढे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे, अशी आमची सर्वांस विनंती आहे.